लाल चट्टा आणि पिवळा प्रकाश

बाळाच्या गालावरचा लाल-जांभळा चट्टा दाखवून आईवडील त्वचारोगतज्ज्ञांना सगळ्यांत आधी विचारतात, ‘लेझरने जाईल ना?’ २०१९ साली नेदरलँड्समधल्या काही संशोधकांनी या प्रश्नाचा हिशेब मांडला. ‘पोर्ट-वाइन स्टेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जन्मखुणेवरच्या उपचारांचे ६५ अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. त्यांत ६,२०७ रुग्ण होते. चट्टा पाऊणपट किंवा त्याहून जास्त फिका झाला असे रुग्ण निघाले २१ टक्के, म्हणजे पाचातला एक. तीस वर्षांत यंत्रं बदलली, त्यांच्या किमती वाढल्या, माहितीपत्रकं गुळगुळीत झाली, पण निकालात म्हणण्यासारखी वाढ झालेली नाही, असंही त्यांनी लिहून ठेवलं.

म्हणून लेझर कुचकामी आहे, असं मात्र नाही. उरलेल्या चौघांपैकी बहुतेकांचा चट्टा थोडाफार फिका होतोच, आणि गडद जांभळ्याचा फिकट गुलाबी होणं हे चेहऱ्याच्या बाबतीत कमी नसतं. पण ‘फिका होतो’ आणि ‘जातो’ या दोन क्रियापदांमध्ये कित्येक वर्षांचे हेलपाटे आणि बराच पैसा अडकलेला असतो. जाहिराती दुसरं क्रियापद वापरतात, अभ्यास पहिलं.

लेझरचा विचार करण्याआधी खूण कोणत्या जातीची आहे हे कळायला हवं. लाल दिसणारं सगळं एक नसतं, आणि या गोंधळात वैद्यकशास्त्रानेही बराच काळ घालवला. बोस्टनचे शल्यचिकित्सक जॉन मुलिकेन आणि संशोधक ज्युली ग्लोवाकी यांनी १९८२ मध्ये या पसाऱ्याची दोन भागांत विभागणी केली. एका बाजूला पेशींची संख्या वाढत जाऊन होणारी गाठ, म्हणजे हिमँजिओमा. दुसऱ्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या घडणीतच राहिलेला दोष. तिथे पेशी बेसुमार वाढत नाहीत, वाहिन्याच चुकीच्या बांधणीच्या असतात. पहिली गाठ वाढते आणि पुढे आपणहून ओसरते. दुसरा दोष जन्मभर सोबत राहतो. उपचारांचे सगळे निर्णय या एका फरकावर उभे आहेत.

यांत सर्वांत निरुपद्रवी म्हणजे नवजात बाळाच्या कपाळावर, पापण्यांवर किंवा मानेच्या मागे दिसणारे फिकट गुलाबी डाग. बाळ रडलं की ते लालबुंद होतात आणि घरातले घाबरतात. चेहऱ्यावरचे डाग बहुधा वर्ष-दोन वर्षांत विरतात, मानेवरचे राहिले तरी केसांखाली झाकले जातात. त्यांच्यावर काहीही करायचं नसतं.

हिमँजिओमाची गोष्ट जास्त रंजक आहे, कारण लेझर तिथे मोठ्या आशेने आला आणि एका जुन्या गोळीने त्याला मागे सारलं. शंभरातल्या चार-पाच बाळांना हिमँजिओमा होतो. मुलींना जास्त, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना त्याहून जास्त. जन्मतः तो बहुधा दिसत नाही किंवा पुसट ठिपका असतो. पहिल्या काही आठवड्यांत तो फुगू लागतो, तीन महिन्यांपर्यंत बरीचशी वाढ उरकतो, मग थबकतो आणि पुढच्या तीन-चार वर्षांत हळूहळू मावळतो. वाढीच्या काळातच लेझर मारला तर तो तिथेच रोखता येईल, असं १९९०च्या दशकात अनेकांना वाटत होतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १२१ तान्ह्या बाळांवर याची रीतसर चाचणी घेतली. निम्म्यांना लवकर लेझर दिला, उरलेल्यांकडे नुसतं लक्ष ठेवलं. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. बाळं वर्षाची झाली तेव्हा गाठ पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गेलेल्यांचं प्रमाण लेझरच्या गटात ४२ टक्के होतं आणि काहीच न केलेल्या गटात ४४ टक्के. वर लेझर घेतलेल्या बाळांमध्ये त्वचा पातळ होण्याचं आणि रंग उडण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे निसर्ग जे फुकट करत होता, त्यासाठी बाळांना चटके बसत होते.

सहा वर्षांनी फ्रान्समधल्या बोर्दो शहरातून खरी कलाटणी मिळाली. नाकावर मोठा हिमँजिओमा असलेल्या एका बाळाला स्टेरॉइड चालू होतं. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी गाठ मऊ पडली आणि तिचा रंग उतरू लागला. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निरीक्षण २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. रक्तदाबासाठी आणि हृदयासाठी हे औषध १९६०च्या दशकापासून वापरात होतं. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, पण त्यांच्या गोळीचा हा गुण तोवर कुणाला ठाऊक नव्हता. २०१५ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत सहा महिने हे औषध घेतलेल्या ६० टक्के बाळांची गाठ पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गेली. नुसतं दिसायला तसंच, पण औषध नसलेलं द्रव्य मिळालेल्या बाळांमध्ये हा आकडा ४ टक्के होता.

आपल्याकडे प्रोप्रॅनोलॉल स्वस्तात मिळतं. त्यामुळे एक इशारा इथेच द्यायला हवा. बाळाची साखर एकदम उतरणं, नाडी मंदावणं, श्वासनळ्या आवळणं हे त्याचे धोके आहेत. ते डॉक्टरांच्या नजरेखालीच सुरू व्हायला हवं, शेजारणीच्या नातवाला गुण आला म्हणून नव्हे. सगळ्याच हिमँजिओमांना त्याची गरजही नसते. पाठीवरचा छोटा ठिपका नुसता पाहत राहिला तरी चालतो. डोळ्याजवळ, ओठावर, नाकाच्या टोकावर, लंगोटाच्या जागी किंवा हनुवटी-गळ्याच्या पट्ट्यात तो असेल तर मात्र महिनाभराच्या आत तज्ज्ञांकडे जावं. दृष्टी, श्वास आणि चिघळणारी जखम, तिन्ही गोष्टी वाट पाहत नाहीत. अंगावर पाच किंवा जास्त गाठी असतील तर यकृताची सोनोग्राफी करून घेतात. मग लेझरला काय उरलं? गाठ मावळल्यावर मागे राहणारी बारीक लाल शिरांची जाळी, आणि क्वचित चिघळलेली गाठ. तेवढ्यापुरता तो चांगलाच उपयोगी पडतो.

रक्तवाहिन्यांच्या घडणीतल्या दोषांतही प्रकार आहेत. गाठ निळसर असेल, दाबल्यावर बसत असेल आणि खाली वाकल्यावर फुगत असेल तर तो शिरांचा दोष. त्यावर बहुधा इंजेक्शनने शिरा बुजवण्याचा उपचार करतात. गाठ हाताला गरम लागत असेल आणि तिच्यात ठोके जाणवत असतील तर तो धमनी-शिरांच्या थेट जोडणीचा प्रकार. वरवरच्या लेझरने तिथे काही साधत नाही, उलट वेळ जातो.

आता मुख्य विषय, म्हणजे पोर्ट-वाइन स्टेन. पोर्ट नावाच्या गडद लाल वाइनवरून पडलेलं हे नाव इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावरून वैद्यकाच्या पुस्तकात आलं आणि तिथेच राहिलं. हजारातल्या सुमारे तीन बाळांना हा चट्टा असतो, बहुधा चेहऱ्यावर आणि बहुधा एकाच बाजूला. तो जन्मापासून असतो आणि बाळाबरोबर त्याच प्रमाणात वाढतो. लहानपणी गुलाबी, तरुणपणी लाल, नंतर जांभळा. चाळिशी-पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक लोकांत तो जाड होतो, त्यावर बारीक गाठी येतात आणि साधं दाढी करतानाही रक्त येऊ लागतं. ‘नुसता दिसण्याचा प्रश्न आहे’ असं म्हणणाऱ्यांनी हा पुढचा भाग पाहिलेला नसतो.

याचं कारण बरीच वर्षं गूढ होतं, आणि गूढ असलं की दोष बाईकडे जातो. महाराष्ट्रात आजही कित्येक घरांत बाळाच्या चेहऱ्यावर डाग दिसला की सुनेची उलटतपासणी सुरू होते. ग्रहण पाळलं होतं का, ग्रहणात काही चिरलं का, कुठे हात लावला का. २०१३ मध्ये बाल्टिमोरच्या संशोधकांनी या प्रश्नांना कायमचं उत्तर दिलं. चट्ट्याच्या त्वचेतल्या काही पेशींत ‘जीएनएक्यू’ नावाच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं त्यांना आढळलं. त्यांनी तपासलेल्या साध्या पोर्ट-वाइन स्टेनच्या १३ नमुन्यांपैकी १२ मध्ये तो बदल होता. गर्भधारणेनंतर, वाढत्या गर्भातल्या एखाद्या पेशीत हा बदल होतो आणि तिच्या वंशातल्या पेशींपुरताच राहतो. तो आईकडून येत नाही, वडिलांकडून येत नाही आणि पुढच्या बाळालाही जात नाही. ग्रहणाचा तर त्याच्याशी काडीचा संबंध नाही. लेझरची पहिली सिटिंग ठरवण्याआधी डॉक्टरांनी हे वाक्य सासूबाईंसमोर मोठ्याने म्हणावं, असं मला फार वाटतं. त्याला यंत्र लागत नाही.

त्याच शोधातून आणखी एक धागा पक्का झाला. चट्टा कपाळावर आणि वरच्या पापणीवर असेल तर तोच जनुकबदल मेंदूच्या आवरणातल्या आणि डोळ्यातल्या वाहिन्यांतही असू शकतो. हा स्टर्ज-वेबर सिंड्रोम. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम स्टर्ज यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. त्यात फिट्स येऊ शकतात आणि डोळ्यात काचबिंदू होऊ शकतो. कपाळावर चट्टा असलेल्या प्रत्येक बाळाला हे होतं असं नाही, बहुतेकांना होतही नाही. पण कोणाला होईल हे नुसतं पाहून सांगता येत नाही, म्हणून तपासणी करावी लागते.

लेझर येण्याआधी या चट्ट्यांवर काय काय केलं गेलं हे वाचताना अंगावर काटा येतो. क्ष-किरण, रेडियम, थोरियम-एक्स नावाचं किरणोत्सारी द्रव्य, गोठवणं, त्वचा काढून दुसरीकडची लावणं, त्वचेच्या रंगाचं गोंदण करणं. चट्टा फिका व्हायचा किंवा व्हायचा नाही, पण व्रण हमखास राहायचा. त्या मानाने सर्वांत शहाणा उपाय डॉक्टरांच्या बाहेरून आला. अमेरिकेतल्या लिडिया ओ’लिअरी यांच्या चेहऱ्यावर असा चट्टा होता. त्यांनी १९२८ मध्ये तो झाकणारं दाट क्रीम तयार केलं आणि ‘कव्हरमार्क’ नावाने विकायला आणलं. त्वचेच्या रंगाशी जुळणारी अशी क्रीम आजही मिळतात. लेझर न घेणाऱ्यांसाठी आणि सिटिंगच्या मधल्या काळासाठीही ती कामाची असतात.

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेझर चालवला. तीनच वर्षांत सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो माणसाच्या त्वचेवर वापरून पाहिला. १९७०च्या दशकात निळा-हिरवा आर्गॉन लेझर आला. चट्टे फिके होऊ लागले, पण प्रकाश सलग पडत राहायचा. वाहिनी तापायची, मग तिच्या आजूबाजूचं सगळं तापायचं आणि भाजल्यासारखा व्रण उरायचा. मुलांच्या त्वचेवर तर हे फारच व्हायचं.

यातून वाट काढली ती रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या बोस्टनच्या जोडीने. १९८३ च्या ‘सायन्स’मधल्या त्यांच्या निबंधाचं तत्त्व साधं आहे. ज्या रंगाचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन जोरात शोषतं तोच रंग निवडायचा, आणि वाहिनी आपली उष्णता आजूबाजूला सोडायला जेवढा वेळ घेते त्याहून कमी वेळात तो प्रकाश टाकून मोकळं व्हायचं. मग उष्णता वाहिनीतच कोंडते, तिची भिंत फुटते किंवा आतलं रक्त साकळतं आणि शेजारची त्वचा वाचते. हिमोग्लोबिनची शोषणाची एक कमाल ५७७ नॅनोमीटरला आहे. हा पिवळा प्रकाश. रंगद्रव्याच्या द्रावणातून असा प्रकाश काढणारं ‘पल्स्ड डाय लेझर’ हे यंत्र या तत्त्वावरच बांधलं गेलं. पुढे प्रकाश आणखी खोल जावा म्हणून तरंगलांबी ५८५ आणि मग ५९५ नॅनोमीटरपर्यंत सरकवली. प्रकाशाचा झोत आधी मिलिसेकंदाच्या निम्म्याहूनही कमी वेळाचा असे, आता तो गरजेप्रमाणे लांबवता येतो. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात स्टुअर्ट नेल्सन आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या क्षणभर आधी त्वचेवर थंड फवारा मारण्याची युक्ती बसवली. वरचा थर गार राहतो, खालची वाहिनी तापते. गेल्या तीस वर्षांतली सर्वांत उपयोगी सुधारणा मला विचाराल तर हा फवाराच.

प्रत्यक्षात होतं ते असं. डोळ्यांवर संरक्षक कवच, आणि चट्टा पापणीवर असेल तर पापणीच्या आत धातूचं. मग एकेक झोत. मनगटावर रबर ताणून सोडावं तसा तो लागतो. उपचारानंतर त्या जागी निळे-जांभळे डाग उमटतात, ते आठवडा-दोन आठवडे राहतात, म्हणजे चट्टा आधी होता त्याहून भडक दिसतो. याची कल्पना आधी न दिल्यामुळे कित्येक पालक पहिल्या सिटिंगनंतर परत फिरकतच नाहीत. पुढची सिटिंग चार ते आठ आठवड्यांनी, आणि अशा कित्येक.

पहिला मोठा आशेचा निबंध १९८९ चा. ३५ मुलांचे चट्टे सरासरी साडेसहा सिटिंगमध्ये जवळपास साफ झाले, व्रणही फारसे नाहीत. त्या निकालाने पल्स्ड डाय लेझरला ‘पहिली पसंती’ हे स्थान मिळवून दिलं, ते आजवर टिकून आहे. नंतर इतरांना तेवढं यश मिळालं नाही. उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात कसाला उतरतील अशा चाचण्या मिळाल्या फक्त पाच आणि त्यांतले रुग्ण १०३. लाखो लोकांवर वापरल्या गेलेल्या उपचाराच्या पाठीशी एवढाच भक्कम पुरावा! त्यातही ‘किती फिका झाला’ हे बहुधा फोटो पाहून अंदाजाने ठरवलेलं असतं. खिडकीजवळ काढलेला फोटो आणि ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो यांत चट्टा सहज पाव हिस्सा फिका करता येतो.

यश कुठे मिळतं आणि कुठे नाही, याबद्दल मात्र डॉक्टरांचं बऱ्यापैकी एकमत आहे. कपाळ, गालाची बाहेरची बाजू आणि मान चांगला प्रतिसाद देतात. नाक, वरचा ओठ आणि गालाचा आतला भाग हट्टी असतो. हात-पाय, त्यातही तळहात-पावलांकडचा भाग, सर्वांत निराश करतो. पहिल्या चार-पाच सिटिंगमध्ये जे मिळायचं त्यातलं बरंचसं मिळतं, पुढे वेग मंदावतो. कारण पिवळा प्रकाश त्वचेत जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जातो. त्याहून खोलच्या वाहिन्यांपर्यंत तो पोचत नाही. अगदी बारीक वाहिन्या उष्णता इतक्या पटकन सोडून देतात की त्या वाचतात. शिवाय इजा झालेली त्वचा नव्या वाहिन्या तयार करते. २००७ मध्ये डच डॉक्टरांनी दहा वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्या ५१ जणांना परत बोलावून चट्ट्यांचा रंग यंत्राने मोजला. उपचार संपले तेव्हापेक्षा चट्टे पुन्हा गडद झाले होते, उपचाराआधी होते तितके मात्र नाहीत. रुग्णांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांना हे स्वतःलाही जाणवलं होतं. या विषयात डच मंडळींनी जगावर उपकार केले आहेत. आपलं यंत्र किती छान हे सांगण्याऐवजी ते कुठे थांबतं हे त्यांनी मोजलं.

उपचार कोणत्या वयात सुरू करावेत, हा सर्वांत तापलेला वाद. न्यूयॉर्कचे रॉय जेरोनिमस आणि त्यांच्यासारखे डॉक्टर म्हणतात, पहिल्या वर्षातच, जमल्यास पहिल्या काही महिन्यांत. त्वचा पातळ, वाहिन्या बारीक, चट्टा आकाराने लहान आणि आठवण राहत नाही. त्यांनी प्रसिद्ध केलेले निकाल खरोखर चांगले आहेत, मात्र त्यांत तुलनेला दुसरा गट नाही. उलट १९९८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या १०० रुग्णांच्या अभ्यासात वयाने काहीच फरक पडला नव्हता. शिवाय मुलांना द्याव्या लागणाऱ्या भुलीचा प्रश्न आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा लांब भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला. एका छोट्या भुलीने अपाय होत नाही, असं पुढच्या चाचण्यांनी दाखवलं. पण इथे भूल एकदा लागत नाही, आठ-दहा वेळा लागते. म्हणून काही जण तान्ह्या बाळाला भूल न देता, घट्ट गुंडाळून पाच-सात मिनिटांत उपचार उरकतात. माझं मत विचाराल तर लवकर सुरू करण्याच्या बाजूचा युक्तिवाद जास्त पटतो, पण चट्टा छोटा असेल तरच. अर्धा चेहरा व्यापणारा चट्टा असेल आणि दर वेळी पूर्ण भूल लागणार असेल तर तिसरं वर्ष उलटेपर्यंत थांबण्यात मला काही गैर दिसत नाही. शाळा सुरू होण्याआधी दोनेक वर्षं तरीही हातात राहतात.

इथपर्यंतचा जवळजवळ सगळा पुरावा गोऱ्या त्वचेवरचा आहे, आणि आपल्यासाठी खरी अडचण तीच. पिवळा प्रकाश हिमोग्लोबिन शोषतं, तसं त्वचेतलं मेलॅनिनही शोषतं. मेलॅनिन वरच्या थरात असतं, म्हणजे प्रकाशाची गाठ आधी त्याच्याशी पडते. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत प्रकाशाचा मोठा वाटा वरच अडतो. वाहिनीपर्यंत कमी पोचतो आणि वरचा थर मात्र भाजण्याचा धोका वाढतो. त्वचा उन्हाला कसा प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार पाडणारी थॉमस फिट्झपॅट्रिक यांची १९७५ ची मोजपट्टी आधी गोऱ्या त्वचेपुरतीच होती. आपण बहुतेक ज्यांत मोडतो ते सावळे-काळे वर्ग तिच्यात नंतर जोडले गेले. लेझरच्या संशोधनाचंही तसंच झालं. भारतातले अभ्यास आहेत, पण छोटे.

आपल्या त्वचेवर लेझर चालतच नाही, असा याचा अर्थ घेऊ नये. झोताचा कालावधी लांबवायचा, थंडावा वाढवायचा, ताकद बेताने चढवायची, आधी छोट्या जागेवर चाचणी घ्यायची आणि उपचाराच्या आधी-नंतर ऊन कटाक्षाने टाळायचं. हे सगळं पाळून चांगले निकाल मिळतात. पण सिटिंग जास्त लागतात आणि रंग बदलण्याची शक्यता जास्त राहते. काळसर डाग बहुधा काही महिन्यांत जातात. पांढरे ठिपके पडले तर मात्र आपल्याकडे त्याची वेगळी किंमत मोजावी लागते, कारण लोक त्याला कोड समजतात. मुलीच्या लग्नाची काळजी म्हणून लाल चट्टा घालवायला गेलेल्या घराला पांढऱ्या डागांचा खुलासा करत बसावं लागणं हा क्रूर विनोद आहे, आणि तो घडतो.

जाड झालेल्या किंवा दाद न देणाऱ्या चट्ट्यांसाठी ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट आणि १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग हे लेझर वापरतात. त्यांचा प्रकाश खोल जातो, आणि एनडी-यागला मेलॅनिन कमी आडवं येतं, म्हणून सावळ्या त्वचेसाठी तो सोयीचा वाटतो. पण तिथे उपयोगी मात्रा आणि व्रण पाडणारी मात्रा यांत फारच थोडं अंतर आहे. तो अनुभवी हातातच असावा. आपल्याकडे गंमत उलटी आहे. पल्स्ड डाय लेझर महाग, परदेशी बनावटीचं आणि त्यातलं रंगद्रव्य ठरावीक काळाने बदलावंच लागतं, त्यामुळे ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणीच मिळतं. केस काढण्यासाठी घेतलेलं एनडी-याग किंवा तीव्र प्रकाशाचं यंत्र मात्र गल्लोगल्ली असतं, आणि आहे त्या यंत्राने चट्ट्यावर हात साफ करण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. ‘लेझर’ हे एका यंत्राचं नाव नाही. कोणतं यंत्र, किती तरंगलांबी, सावळ्या त्वचेवरचे असे किती रुग्ण तुम्ही पाहिले, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

खर्चाचा भार बहुतेक वेळा घरावरच पडतो. अनेक आरोग्यविमा पॉलिसींत बाहेरून दिसणारे जन्मजात दोष वगळलेले असतात. मुलांच्या जन्मदोषांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमध्ये झाली. त्याच्या यादीत फाटलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे, जन्मजात मोतीबिंदू आहे, पण पोर्ट-वाइन स्टेन नाही. प्रत्येक चट्ट्यावर सरकारने लेझर द्यावा असं मी म्हणणार नाही. पण कपाळावर चट्टा असलेलं बाळ दिसलं की त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायला पैसे लागत नाहीत, एक ओळ लागते.

नवं काय? चीनमध्ये प्रकाशाने जागं होणारं औषध शिरेतून देऊन मग चट्ट्यावर हिरवा प्रकाश टाकण्याचा उपचार बराच रुळला आहे. त्यानंतर प्रखर उजेडापासून बरेच दिवस दूर राहावं लागतं. लेझरनंतर नव्या वाहिन्या उगवू नयेत म्हणून सिरोलिमस हे औषध लावून पाहिलं, निकाल संमिश्र आहेत. जनुकातला दोष सापडल्याने त्याच्यावरच नेम धरणारी औषधं येतील अशी आशा आहे, पण आजच्या निर्णयात ती धरू नये.

उपचार न घेणं हाही एक निर्णय आहे आणि तो कमीपणाचा नाही. मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावरचा चट्टा सगळ्या जगाने पाहिला. सुरुवातीला सोव्हिएत सरकारी छायाचित्रांतून तो पुसून टाकला जायचा, त्यांनी स्वतः मात्र तो तसाच ठेवला. मोठ्या माणसाने हे ठरवणं सोपं, बाळासाठी पालकांनी ठरवणं अवघड, हे खरं. एवढंच की मूल सात-आठ वर्षांचं झालं की पुढच्या सिटिंगबद्दल त्यालाही विचारावं. चटके त्याला बसतात.

सुरुवात करणार असाल तर पहिल्या सिटिंगआधी एकाच जागी, एकाच प्रकाशात फोटो काढून ठेवा आणि दर सिटिंगआधी तसाच काढा. पाच-सहा सिटिंगनंतर ते फोटो ओळीने मांडून डॉक्टरांसोबत बसा. फरक दिसत नसेल तर थांबा. आणि चट्टा कपाळावर किंवा पापणीवर असेल तर लेझर घ्या अथवा घेऊ नका, बाळाच्या डोळ्यांतला दाब याच महिन्यात तपासून घ्या आणि पुढेही नेत्रतज्ज्ञ सांगतील त्या अंतराने तपासत राहा. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.